दोन पिंगळे: गावकुसातला आणि सातपुड्यातला

दिवेलागणीच्या सुमारास गावाबाहेरच्या वडाखाली थांबले की वरून चिरचिरत्या आवाजाची भांडणे ऐकू येतात. ढोलीच्या तोंडाशी मूठभर आकाराचे दोन पक्षी बसलेले असतात. मान खालीवर करत, पिवळ्या डोळ्यांनी ते आपल्याकडे टक लावून पाहतात. हा पिंगळा. मराठी माणसाच्या घराच्या अगदी जवळ राहणारे हे घुबड. पडक्या वाड्याची भिंत, देवळाचे शिखर, आमराई, विहिरीकाठचे उंबर, शहरातल्या शाळेचे छप्पर, कोणतीही जागा त्याला चालते. भल्या पहाटे कुडमुडे वाजवत दारी येणाऱ्या आणि पक्ष्याच्या बोलीवरून भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही लोकांनी पिंगळा हेच नाव दिले. भारुडांतही तो आला.

याच पिंगळ्याचा एक नातलग सातपुड्यात राहतो. तो रानपिंगळा. एकोणिसाव्या शतकात विज्ञानाला त्याची ओळख झाली, पुढे तो ११३ वर्षे कोणालाही खात्रीने दिसला नाही आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्यानंतरच्या पाव शतकात त्याच्याविषयी जे प्रश्न चर्चेत आले, ते जवळजवळ सगळे पिंगळ्याशी तुलना करूनच मांडले गेले. दोघे एकाच प्रजातीतले आहेत का? एकाला वेस पुरते, मग दुसऱ्याला रानच का लागते? एक सर्वत्र असताना दुसरा संकटग्रस्त का, आणि तो नेमका किती संकटात आहे? वर्गीकरण, अधिवास आणि संवर्धन या तीन अंगांनी ही चर्चा आज कुठवर आली आहे, याचा हा आढावा आहे.

सुरुवातीला शब्दांविषयी थोडे. या लेखात ‘जाती’ हे सर्वांत खालचे एकक आहे: पिंगळा ही एक जाती, रानपिंगळा ही दुसरी. जवळच्या जातींचा गट म्हणजे ‘प्रजाती’ आणि प्रजातींचा गट म्हणजे ‘कुल’. वर्तमानपत्रांत जाती आणि प्रजाती हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. इथे तसे करून चालणार नाही, कारण पहिला वादच प्रजातीचा आहे.

नोंदींचा इतिहास

पिंगळ्याचा इतिहास सरळ आहे. डच पक्षिशास्त्रज्ञ टेमिंक याने १८२१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज त्याचे नाव अथीने ब्रामा असे आहे. इराणपासून भारतमार्गे आग्नेय आशियापर्यंत तो आढळतो, श्रीलंकेत मात्र नाही. तो कधी हरवला नाही, त्यामुळे त्याला शोधायचीही वेळ आली नाही.

रानपिंगळ्याचे तसे झाले नाही. १८७२ च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला एक वेगळेच घुबड मिळाले. ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पोहोचले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम हेच. त्या काळात ते ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिशास्त्राचे नियतकालिक चालवत होते. त्यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याला ब्लेविटचे नाव दिले आणि त्याच्यासाठी हेटरोग्लॉक्स ही स्वतंत्र प्रजातीही उभी केली. नावाचा अर्थच ‘वेगळे घुबड’. पहिल्याच दिवशी दिलेले हे नाव पुढे दीडशे वर्षांच्या वादाचे मूळ ठरले.

त्यानंतरच्या दशकभरात आणखी काही नमुने मिळाले. त्यांतले बहुतेक खानदेशातले होते. तिथे नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागात ते गोळा केले. १८८४ नंतर नोंदी थांबल्या. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या जातीचे मोजके सातच नमुने उरले.

मधल्या शतकभराच्या शून्यात एक नोंद होती, आणि तिने फार नुकसान केले. रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. तो १९१४ मध्ये गुजरातेतल्या तापीकाठच्या मांडवीला मिळाल्याचे चिठ्ठीवर लिहिले होते. पुढच्या पिढ्यांनी हे खरे मानले आणि शोधाची दिशा चुकली. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनीही रानपिंगळा शोधला, पण हाती काही लागले नाही. हा पक्षी नामशेष झाला असावा, अशी शंका बळावत गेली.

१९९० च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने मुळापासून तपासायला घेतले. मायनर्ट्झहागेनच्या नमुन्याची क्ष-किरण छायाचित्रे घेतली, कातडे शिवण्याची धाटणी पाहिली, आत भरलेला कापूस तपासला. त्यातून निष्पन्न झाले ते असे: हा पक्षी डेव्हिडसनने एकोणिसाव्या शतकात तयार केलेला होता. तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नव्या चिठ्ठीसह मांडलेला होता. रासमुसेन आणि निगेल कॉलर यांनी १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात हे प्रकरण सविस्तर मांडले.

या उलगड्याचा व्यावहारिक उपयोग लेख छापून येण्याआधीच झाला होता. मांडवीची नोंद बाद केल्यावर शोधायच्या जागा मोजक्या उरल्या: पूर्वेला छत्तीसगड-ओडिशाची सीमा आणि पश्चिमेला खानदेश. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये आधी पूर्वेकडचे भाग पाहिले, मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका पर्णहीन झाडावर त्यांना रानपिंगळा दिसला. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा अजून व्हायचा होता, तो १ जुलै १९९८ ला झाला. ज्या तालुक्यांत डेव्हिडसनने बंदूक चालवली होती, तिथेच हा पक्षी शंभराहून अधिक वर्षे जगत आला होता. तिथे कोणी नीट पाहायला गेले नव्हते, एवढेच. संवर्धनाची आकडेवारी वाचताना ही गोष्ट पुन्हा आठवावी लागेल.

ओळख: दोघांना वेगळे कसे करावे

वर्गीकरणाच्या वादाआधी शरीर पाहू. पिंगळा साधारण २१ सेंटिमीटरचा, रानपिंगळा २३ सेंटिमीटरच्या आसपास. दोन सेंटिमीटरचा फरक रानात उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो डोक्याचा रंग. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट रांगोळी असते. रानपिंगळ्याचे डोके करड्या-तपकिरी रंगाचे, जवळपास सपाट असते. ठिपके असलेच तर अगदी पुसट. त्याच्या छातीवर गडद तपकिरी रंग एकसंध दिसतो आणि पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो. पिंगळ्याच्या पोटावर मात्र तुटक तपकिरी खुणा विखुरलेल्या असतात. रानपिंगळ्याच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे असतात. त्याचे डोके मोठे आणि पाय दणकट. बोटांपर्यंत पिसे असलेले हे पाय पाहिले की आपल्याएवढ्याच वजनाचे भक्ष्य तो उचलत असेल, असे वाटते.

सवयींतला फरक त्याहून ठळक आहे. पिंगळा दिवसा ढोलीत किंवा पानांत दडतो आणि संध्याकाळी बाहेर येतो. रस्त्याच्या दिव्याखाली किडे टिपणारे पिंगळे आपण पाहतोच. रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो. पर्णहीन सागाच्या शेंड्यावर उघड्यावर बसतो, शेपटी डावीउजवीकडे झपझप हलवतो. त्याचा आवाजही निराळा आहे. पिंगळ्याची चिरचिर त्यात नाही. रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी १९९९ मध्ये त्याच्या आवाजांचे पहिले तपशीलवार वर्णन केले. त्यानंतर आवाजाच्या आधारे शोध घेणे शक्य झाले आणि पुढच्या बहुतेक सर्वेक्षणांचा पाया तोच आहे.

याच रानांत पट्टेरी अंगाचा जंगली पिंगळाही असतो, आणि घाईत पाहणाऱ्याचा गोंधळ त्याच्यामुळेही होतो. छायाचित्राशिवाय किंवा आवाजाच्या नोंदीशिवाय केलेला दावा अभ्यासक आज सहसा स्वीकारत नाहीत, ते योग्यच आहे.

वर्गीकरण: एका घरातले की वेगळ्या घरातले

दोन्ही पक्षी स्ट्रिजिडी या कुलातले, म्हणजे खऱ्या घुबडांतले आहेत, याबद्दल दुमत नाही. या दोन वेगवेगळ्या जाती आहेत, याबद्दलही नाही. वाद आहे तो मधल्या पायरीचा. पिंगळा अथीने प्रजातीत आहे. रानपिंगळ्याला त्याच प्रजातीत घालायचे, की ह्यूमने उभी केलेली हेटरोग्लॉक्स त्याच्यापुरती राखायची?

विसाव्या शतकात अनेक ग्रंथकारांनी त्याला अथीनेमध्ये घातले. त्यामागे सखोल परीक्षण फारसे नव्हते, सोय होती. सात नमुन्यांवर वेगळी प्रजाती चालवणे त्यांना अवघड वाटले असावे. १९९० च्या दशकात रासमुसेन आणि कॉलर यांनी तो प्रश्न पुन्हा उघडला. कवटीचा आकार, पायांची जाडी, पिसांची रचना आणि पट्ट्यांची नक्षी या सगळ्यांत रानपिंगळा अथीनेच्या इतर जातींपासून दूर पडतो, तेव्हा ह्यूमचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे, असा त्यांचा रोख होता. जिवंत पक्षी सापडल्यावर आवाज आणि दिवसाची शिकार हे दोन मुद्दे या बाजूला येऊन मिळाले.

दुसरी बाजू २०१८ मध्ये भक्कम झाली. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, सुषमा रेड्डी, उमा रामकृष्णन, शोमिता मुखर्जी आणि व्ही. व्ही. रॉबिन यांनी ‘प्लॉस वन’मध्ये रानपिंगळ्याच्या डीएनएवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पेशीकेंद्रातल्या आणि मायटोकॉन्ड्रियातल्या अशा दोन्ही प्रकारच्या जनुकांचा त्यात विचार होता. निष्कर्ष स्पष्ट होता: रानपिंगळा अथीनेच्या वंशवृक्षाच्या बाहेर नाही, त्याच्या आतल्या फांदीवर आहे. पिंगळ्याच्या आणि त्याच्या वाटा फुटल्याला मात्र बराच काळ लोटला आहे. अंदाज चाळीस ते साठ लाख वर्षांच्या दरम्यानचा आहे.

‘आतल्या फांदीवर’ म्हणजे काय, हे एकत्र कुटुंबाच्या उदाहरणाने सांगता येईल. आजोबांचे पाच नातू आहेत. त्यांतल्या मधल्या एकाचे रूप वेगळे, चालणे-बोलणे वेगळे. म्हणून त्याचे आडनाव बदलून उरलेल्या चौघांचे जुनेच ठेवले, तर ते आडनाव ‘या आजोबांची सगळी नातवंडे’ असे सांगेनासे होते. आधुनिक वर्गीकरणाचा आग्रह असतो की प्रजातीच्या नावात एका पूर्वजाची सगळी संतती यावी. हेटरोग्लॉक्स वेगळी ठेवायची असेल तर अथीनेचेही तुकडे पाडावे लागतील. त्यापेक्षा रानपिंगळ्याला आत घेणे सोपे आहे. तसे आधी घडलेही आहे. अमेरिकेतले बिळात राहणारे घुबड लांब पायांमुळे एकेकाळी स्पिओटिटो या स्वतंत्र प्रजातीत होते. आज ते अथीनेत आहे. मादागास्करचे पांढऱ्या भुवयांचे घुबड पूर्वी निनॉक्समध्ये गणले जाई, तेही आज अथीनेत आले आहे. जगभरच्या प्रमुख याद्यांनी आता रानपिंगळ्यासाठी अथीने ब्लेविटी हे नाव स्वीकारले आहे. हेटरोग्लॉक्स हे नाव भारतीय लेखनात अजून दिसते.

मग वाद संपला का? नात्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, असे मला वाटते. शिल्लक आहे तो अर्थाचा प्रश्न. नाते जवळचे असूनही शरीर आणि वागणे इतके का बदलले? दिवसा शिकार करण्याची सवय, दणकट पाय आणि मोठे डोके ही एकाच गोष्टीची तीन रूपे आहेत का, म्हणजे सरडे-उंदरांसारख्या मोठ्या भक्ष्याकडे वळल्याचा हा परिणाम आहे का? तर्क पटण्यासारखा आहे, पण तो तपासायला लागणारा तुलनात्मक अभ्यास अजून अपुरा आहे.

या वादाला एक भावनिक बाजूही होती, ती दुर्लक्षून चालणार नाही. ‘जगात याच्या प्रजातीत हा एकटाच’ असे सांगता आले की निधी आणि लक्ष मिळवणे सोपे जाते. २०१८ नंतर ते सांगता येत नाही. काही कार्यकर्त्यांना याची हळहळ वाटली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण पन्नास लाख वर्षांच्या आसपास वेगळा चाललेला, भारताबाहेर कुठेही नसलेला पक्षी जपण्यासाठी त्याच्या प्रजातीचे नाव निराळे असण्याची गरज नाही.

अधिवास: वेस आणि रान

पिंगळ्याच्या अधिवासाबद्दल थोडक्यात सांगता येते. त्याला उघडी किंवा विरळ झाडांची जमीन, ढोली किंवा भिंतीतले भोक आणि किडे-उंदीर एवढेच लागते. दाट जंगल तो टाळतो. माणसाने जंगल मोकळे करून शेती केली, झाडे बांधावर ठेवली, घरे बांधली, तेव्हा पिंगळ्याचे राज्य वाढले.

रानपिंगळ्याचे चित्र टप्प्याटप्प्याने बदलत गेले आणि त्यातच खरा वाद आहे. पुनर्शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पाहणी केली. चौदा ठिकाणे पाहून चार ठिकाणी मिळून २५ पक्षी त्यांना आढळले, ते उत्तर महाराष्ट्रात आणि लगतच्या मध्य प्रदेशात. तोरणमाळ, तळोदा आणि मेळघाट ही नावे तेव्हापासून रानपिंगळ्याशी जोडली गेली. नंतर यावलचे अभयारण्य आणि खंडवा-बुऱ्हाणपूरकडची कालीभीत व खकनारची राने यांची भर पडली. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्वेशन सोसायटीने मध्य प्रदेशात वर्षानुवर्षे काम केले. या सगळ्या जागांचे साम्य होते: सातपुड्याची रांग, कोरडे पानगळी जंगल, साग मुख्य झाड, मधे मोकळे पट्टे. रानपिंगळा म्हणजे सातपुड्यातल्या सागाचा पक्षी, हे समीकरण पक्के झाले.

ते २०१४ मध्ये हलले. त्या वर्षी ठाणे-पालघरच्या सीमेवरच्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा सापडला. तानसा म्हणजे मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाभोवतीचे जंगल. मुंबईहून तिथे जाऊन दिवसभरात परतता येते. हे जंगल सातपुड्यात नाही, सह्याद्रीच्या पश्चिमेला आहे, आणि कोरडे नसून दमट पानगळी आहे. गुजरातेतल्या डांगच्या पूर्णा अभयारण्यातही नोंदी झाल्या. म्हणजे नकाशावर खानदेशापासून डांगमार्गे कोकणाच्या कडेपर्यंत एक तुटक साखळी उभी राहिली.

यावर आज दोन मते आहेत. पहिले मत असे की रानपिंगळा आपण समजत होतो तितका कोरड्या सागाला बांधलेला नाही. त्याला लागते ते मोकळे पानगळी रान, जुनी ढोलीची झाडे, बसायला उघडे शेंडे आणि जमिनीवर सहज दिसणारे भक्ष्य. साग असतो, कारण या भागात सागच आहे. दुसरे मत सावध आहे. नव्या नोंदी थोड्या आहेत. एखाद्या ठिकाणी पक्षी दिसला म्हणजे तिथे तो वर्षानुवर्षे टिकून पिल्ले वाढवतो असे नाही. सातपुड्यातली घरटी आणि विणीच्या नोंदी अजूनही इतर जागांपेक्षा पुष्कळ अधिक आहेत, म्हणून मूळ गड तोच मानावा. मला दुसरे मत पुरावा तोलणारे वाटते. पहिले मत मात्र संशोधनाला अधिक फलदायी दिशा देते, कारण ते आपल्याला नकाशावरच्या न पाहिलेल्या रानांकडे पाठवते.

अतिक्रमणाच्या प्रश्नावरही असेच दुमत आहे. जंगलात काढलेल्या शेताच्या कडेला, झाडे शिल्लक ठेवलेल्या पट्ट्यांत रानपिंगळे अनेकदा दिसतात. उघड्या जमिनीवर सरडे आणि उंदीर सोपे मिळतात. त्यामुळे काहींना वाटते की थोडी शेती त्याला मानवते. त्याला मिळणारे उत्तर असे: सुरुवातीला झाडे उभी असतात तोवर तो दिसतो, शेत वाढून ढोलीची झाडे पडली की तो जातो आणि त्याची जागा पिंगळा घेतो. पिंगळा ढोलीसाठी त्याचा स्पर्धकही आहे. जागा वीस-तीस वर्षे सलग पाहिल्याशिवाय या दोन म्हणण्यांतले कोणते खरे, हे ठरणार नाही.

अन्नाविषयीचे मतभेद पद्धतीतून आले आहेत. घरट्यासमोर बसून पाहणाऱ्यांना सरडे आणि पाली ठळक दिसतात. पक्ष्याने ओकलेल्या गोळ्या फोडून हाडे मोजणाऱ्यांना उंदीरवर्गीयांचा वाटा मोठा दिसतो. दोन्ही खरे असण्याचा संभव आहे, ऋतू आणि जागा वेगळ्या असतील एवढेच. पण याचा परिणाम संवर्धनावर होतो. उंदीर हे मुख्य अन्न असेल तर कडेच्या शेतांत वापरले जाणारे उंदीरनाशक हा मोठा धोका ठरतो.

संवर्धन: एक पायरी खाली उतरण्याचा अर्थ

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत पिंगळा किमान चिंतेच्या वर्गात आहे. तो अनेक देशांत पसरला आहे, संख्या मोठी आहे. पण किमान चिंता म्हणजे निश्चिंती नाही. ट्रॅफिक या संस्थेच्या भारतातील शाखेने २०१० मध्ये घुबडांच्या बेकायदा व्यापारावर अहवाल काढला. भारतातल्या तीसेक जातींपैकी १५ जाती जिवंत पक्ष्यांच्या व्यापारात आढळल्याचे त्यात म्हटले होते. जादूटोण्यासाठी पकडली जाणारी घुबडे बहुतेक माणसाजवळ राहणाऱ्या जातींची असतात, आणि पिंगळा त्यांत येतो. दिवाळीच्या सुमारास ही पकड वाढते. रस्तारुंदीकरणात पडणारे वड-पिंपळ आणि गुळगुळीत सिमेंटची नवी घरे यांनी त्याच्या ढोली किती कमी केल्या, याची पद्धतशीर मोजणी अपुरी आहे. सामान्य पक्ष्यांचे नेहमी असेच होते. ते कमी होत असतील तर ते आपल्याला उशिरा कळते.

रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटीस कराराच्याही पहिल्या परिशिष्टात. लाल यादीत तो आधी ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात होता. २०१८ मध्ये त्याला एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले गेले. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज २५० ते ९९९ असा धरला गेला.

या बदलाकडे तीन नजरांनी पाहिले जाते. यादी करणाऱ्यांची भूमिका नियमांची आहे. संख्येच्या निकषावर अतिसंकटग्रस्त ठरायला प्रौढ पक्षी २५० पेक्षा कमी असावे लागतात. नव्या जागा सापडल्या, नोंदी वाढल्या, तेव्हा पक्षी त्या रेषेखाली आहेत असे म्हणता येईना. निकष सर्व जातींना सारखे लावले तरच यादीला अर्थ राहतो, हे म्हणणे बिनतोड आहे.

रानात काम करणाऱ्या काहींची भूमिका निराळी आहे. त्यांच्या मते पक्षी वाढले नाहीत, पाहणारे वाढले. तोरणमाळ आणि यावलच्या परिसरात रान तुटण्याचा वेग पाहता, नव्या जागांची भर पडत असताना जुन्या जागा रिकाम्या होत असू शकतात. पायरी खाली आली की राज्य सरकारे आणि देणगीदार हात आखडतील, ही भीतीही त्यांना आहे.

तिसरी नजर या दोघांमध्ये आहे, आणि मी तिच्या बाजूचा आहे. २०१८ चा बदल ज्ञानातला बदल म्हणून बरोबर आहे. तो सुधारणा म्हणून वाचणे मात्र चूक आहे. डेव्हिडसनपासून किंगपर्यंतची ११३ वर्षे आठवावीत. तेव्हा शून्य नोंदी म्हणजे शून्य पक्षी नव्हते. तसेच आज अधिक नोंदी म्हणजे अधिक पक्षी नव्हेत. लाल यादीत असे बदल वेगळे ओळखण्याची सोय आहेच. पण बातमीत ती तळटीप गळून पडते आणि ‘रानपिंगळा सावरला’ एवढेच उरते.

उपायांवरचे मतभेद जमिनीवरचे आहेत. मेळघाट हा व्याघ्रप्रकल्प आहे. तिथे मिळणारे संरक्षण रानपिंगळ्याच्याही कामी येते, म्हणून काही जण संरक्षित क्षेत्रे वाढवण्यावर भर देतात. पण तोरणमाळ-तळोद्याकडचे पक्षी राखीव वनात, पाड्यांच्या कडेला, भिल्ल आणि पावरा वस्त्यांच्या शेजारी आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथले हक्क मान्य केले आहेत आणि ते हक्क न्याय्य आहेत. तेव्हा पक्षी वाचवायचा तर शेताच्या कडेची जुनी झाडे कोण, कशाच्या मोबदल्यात राखणार, हे गावकऱ्यांशी बसूनच ठरवावे लागेल. पहिल्या मताच्या लोकांना हे फार मंद वाटते. दुसऱ्यांना कुंपणाची भाषा आधीच अपयशी ठरलेली वाटते.

एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे: ढोली. रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. सुतारपक्ष्यांनी कोरलेल्या किंवा कुजून झालेल्या ढोलींवर तो अवलंबून असतो. वनव्यवस्थापनाच्या जुन्या रीतीत वाळके, पोकळ, किडके झाड आधी काढायचे असते, कारण लाकूड म्हणून त्याला किंमत नाही आणि वाढत्या झाडांना ते अडते. पक्ष्याच्या दृष्टीने सगळ्या रानात किमती झाड तेच असते. पिंगळ्याला असे झाड गेले तर भिंत आहे. रानपिंगळ्याला ती सोय नाही. कृत्रिम घरट्याच्या पेट्या लावाव्यात, असे काहींनी सुचवले आहे. पण त्या पेट्या पिंगळेच पळवतील, ही शंका रास्त आहे.

उरलेले प्रश्न

सर्वांत मोठा प्रश्न जोडणीचा आहे. मेळघाट, यावल, तोरणमाळ, डांग आणि तानसा इथले पक्षी एकमेकांपर्यंत पोहोचतात का? मधे तापीचे कापूस-केळीचे खोरे आहे, महामार्ग आहेत. ही बेटे तुटलेली असतील तर एकूण संख्या ९९९ असो की अडीचशे, प्रत्येक बेट आपापल्या बळावर टिकेल किंवा संपेल. गळालेल्या पिसांतून डीएनए मिळवून याचे उत्तर काढता येईल. २०१८ च्या अभ्यासाने नाते ठरवले, तेच तंत्र आता जागांमधला संबंध ठरवायला वापरायचे आहे.

दुसरा प्रश्न पूर्वेचा. जिथे ब्लेविटला पहिला पक्षी मिळाला त्या फुलझरच्या टापूत आणि ओडिशाच्या कडेला पश्चिमेइतका सातत्याचा शोध झालेला नाही. तिथे पक्षी असतील तर त्यांचा प्रदेश आपल्या नकाशाच्या कितीतरी पलीकडे जातो. नसतील तर दीडशे वर्षांत या जातीने आपला अर्धा मुलूख गमावला, असा त्याचा अर्थ होईल. दोन्हींतले काय खरे, यावर लाल यादीतली पुढची पायरी अवलंबून राहील.

तिसरा प्रश्न पाहण्याच्या रीतीचा. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून रानपिंगळा बोलावणे सोपे आहे, आणि सर्वेक्षणासाठी ते आवश्यकही आहे. पण विणीच्या काळात, ऑक्टोबर ते मे दरम्यान, छायाचित्रासाठी तेच पुन्हा पुन्हा केले तर नर घरटे सोडून आवाजाच्या मागे धावतो. मुंबईला इतके जवळ असलेल्या तानसात हा ताण अधिक आहे. सर्वेक्षणात आवाज किती मिनिटे वाजवायचा, छायाचित्रकारांना तो वाजवू द्यायचा का, घरट्याची जागा नकाशावर उघड करायची की नाही, यावर महाराष्ट्रातल्या पक्षिनिरीक्षकांत एकवाक्यता नाही. पुढचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. तानसाच्या वाटांवर तेव्हा कॅमेरेही येतील आणि नर शेंड्यावर येऊन बसतील.